सिरका, रिठा आणि एक बारीक धार

मागच्या गणपतीत उतरवलेले हार तुम्ही कुठे सोडलेत? आठवून सांगा. ‘पाण्यात’ असं उत्तर असेल तर दुसरा प्रश्न आहे. त्यांचा दोरा कुठे गेला? झेंडू कुजतो, दूर्वा कुजतात, केवड्याचं पानही कुजतं. दोरा कुजत नाही. हल्ली हार सुतात ओवत नाहीत, नायलॉनमध्ये ओवतात, कारण तो तुटत नाही. तो तुटत नाही हे मला चांगलं माहीत आहे. मी तो दातांनी तोडून पाहिला आहे, भर पाण्यात. तेव्हा माझ्या पायाशी नावेच्या फळीवर एक बाई श्वासासाठी तोंड उघडून पडली होती.

पुन्हा भाद्रपद आला आहे. बाग सेवनियातल्या आमच्या घरात पुन्हा सिरक्याचा वास भरला आहे. पुण्याचे नातेवाईक ज्याला व्हिनेगर म्हणतात त्याला आम्ही भोपाळचे लोक सिरकाच म्हणतो. शेजारच्या काकू दारातून विचारतात, “लोणचं घातलंत का?” आई म्हणते, “हो. इंजिनाचं.” काकू हसतात. आई हसत नाही.

शहराबाहेर एक धरण आहे. त्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं की तुम्ही म्हणाल, आम्ही तिकडे जात नाही, आम्ही दुसऱ्या तळ्यावर जातो, आणि सुटाल. भोपाळात तळ्यांना तोटा नाही. देव बुडवायला प्रत्येकाचं आपापलं पाणी आहे. या धरणाचं पाणी आमच्या नळाला येतं. त्याच्या एका फाट्यापलीकडे एक गाव आहे आणि मध्ये रपटा. रपटा म्हणजे पूल नव्हे. ओढ्यावरून नेलेला ठेंगणा सिमेंटचा रस्ता, पाणी चढलं की बुडणारा. आमचा रपटा श्रावणात बुडतो आणि दिवाळीच्या सुमारास अंगावर चिखल घेऊन वर येतो. तोवर गाव नावेतून ये-जा करतं. दुसरी वाट जंगलातून आहे, पण पावसाळ्यात तिथे ट्रॅक्टरही रुततो.

त्या गावात हमीदा आपा राहते. माझं बालपण तिच्या मांडीवर आणि पत्रकांच्या गठ्ठ्यांवर गेलं. बाबा साताऱ्याहून इथल्या सरकारी कारखान्यात फिटर म्हणून आले आणि इथलेच झाले. आई पत्रकं लिहायची. पाण्यावर, रेशनवर, बायकांच्या मजुरीवर. आपा ती गावोगाव वाचून दाखवायची. म्हणजे वाचायला तिला येत नव्हतं. आई एकदा मोठ्याने वाचायची आणि आपाला ते तोंडपाठ व्हायचं. बाजाराच्या दिवशी ती कोरा चेहरा करून कागद समोर धरायची, कधी उलटाही, आणि बिनचूक म्हणायची. आमच्या घरात डाळीचे डबे पत्रकांनी झाकलेले असत. इतर मुलं चिऊ-काऊवर वाचायला शिकली, मी मागण्यांवर शिकले.

मग आपाची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, तिला शहरात येऊन डायलिसिस करावा लागतो. एक फेरी चुकली की पाय सुजतात, दुसरी चुकली की पाणी छातीत चढतं. पावसाळाभर आमच्याकडे येऊन राहा म्हणून आई दर वर्षी तिच्या मागे लागते. आपाची सासू आंधळी आहे, आणि घरात दुसरं कुणी नाही. “अम्मा को चूल्हा नहीं दिखता, पर मेरा न होना दिखता है,” आपा म्हणते. तिथे बोलणं संपतं.

मी ज्या पावसाळ्याबद्दल लिहिते आहे तो काही फार जुना नाही. त्या वर्षी पाणी लवकर चढलं आणि वाराही फार होता. वल्ह्यांनी फाटा ओलांडायला सकाळ जायची आणि डायलिसिसच्या खाटेची वेळ हुकायची. म्हणून मुन्ना भैयाच्या नावेला इंजिन बसवलं. मुन्ना भैया त्याच गावचा मासेमार, आपाला बहीण मानणारा. इंजिन छोटं, एका बंद पडलेल्या बोट क्लबच्या भंगारातून आलेलं. बाबांनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाले, “हे काय, मिक्सर?” त्यांनी आयुष्यभर खोलीएवढ्या यंत्रांची बेअरिंगं बसवली होती. त्या मिक्सरने त्यांचा सगळा तोरा उतरवला.

असं इंजिन थंड राहायला तळ्याचंच पाणी पितं. खाली पाण्यात बुडालेल्या भागाला फटी असतात, तिथून पाणी ओढतं, अंगभर फिरवतं आणि मागच्या एका बारीक भोकातून बाहेर टाकतं. त्या धारेवरून त्याची तब्येत कळते. धार सरळ पडत असेल तर ठीक. ती तुटक झाली, थेंब थेंब झाली, की इंजिन तापतं आणि बंद करावं लागतं. मुन्ना भैया त्या धारेला एक साधं नाव देतो, ते आईसमोर घेत नाही. पण आपाला ते माहीत होतं. पहिल्या आठवड्यातच धार अडखळली, बाबा भोकात काडी घालत होते, आणि आपा फळीवर सुजलेले पाय पसरून बघत बसली होती.

“इसको भी मेरी वाली बीमारी है,” ती म्हणाली. “पीता है, निकालता नहीं.”

मुन्ना भैयाने तोंड फिरवून हसू लपवलं. बाबांनी काडी खाली ठेवली आणि चष्मा पुसला.

त्या दिवसापासून नावेत दोन पेशंट होते. आणि तिला आणायला गेलेले आम्ही सगळे, बागुलबुवासमोर बसल्यासारखे, त्या करंगळीएवढ्या धारेकडे बघत फाटा ओलांडायचो. मला झाडं आठवत नाहीत, ढग आठवत नाहीत. धार आठवते, आणि आपाच्या बांगड्या. सूज वाढली की बांगडी मनगटात रुतायची आणि तिथे लाल वळ उठायचा. मी एकदा धारेकडे बघायची, एकदा वळाकडे.

आता कुणीही मेकॅनिक सांगेल की अशा इंजिनाला काय लागतं. मिट्टीचं तेल म्हणजे रॉकेल, पेट्रोल आणि डबाभर केमिकल. काठावर इंजिन खोला, धुवा, काळं पाणी तळ्यात सोडा. सगळे तेच करतात. पण आईचं एक जुनं पत्रक होतं: ‘पिण्याच्या पाण्यात तेलाचा थेंबही नको.’ ते आपाने त्याच काठावर, त्याच मासेमारांना म्हणून दाखवलं होतं. मुन्ना भैयाने ते ऐकून आपल्या नावेवर चिकटवलंही होतं. त्यामुळे आम्ही आमच्याच शब्दांत अडकलो.

एका शुक्रवारी, आपा नावेत बसलेली, इंजिन गप्प, तेव्हा मुन्ना भैया हळूच म्हणाला, “दीदी, एक ढक्कन मिट्टी का तेल मार दूँ? खुल जाएगा. कौन देख रहा है?”

आई नावेवर चिकटवलेल्या पत्रकाकडे बघत होती. मी म्हणाले, “मारा.” मला त्या क्षणी पत्रकाचं काही वाटलं नाही. आजही मी तेच म्हणेन की नाही, मला ठरवता येत नाही. माणूस मरतो आहे आणि तुम्ही पाण्याच्या शुद्धतेचं बोलता, असं म्हणणं सोपं आहे. पण आपा म्हणाली, “मेरी अम्मा का मटका इसी से भरता है, मुन्ना. चप्पू उठा.” आणि त्याने वल्हं उचललं.

मग इंजिन घरी यायला लागलं. बाबांच्या स्कूटरवर, पायांच्या मधल्या जागेत, टॉवेलमध्ये गुंडाळलेलं, तापात भिजलेल्या पोरासारखं. होशंगाबाद रोडवरचे लोक वळून बघायचे. मंगळवार ते शुक्रवार आणि शुक्रवार ते मंगळवार आमचं घर म्हणजे त्याचा दवाखाना होता.

काय काय नाही केलं. अंगणातल्या पिंपात कोमट पाणी आणि सिरका भरून त्यात इंजिनाचा पाय बुडवायचा आणि चालू करायचं, म्हणजे आत जमलेला क्षार सुटतो. तो पांढरा गाळ भोकातून निघाला की बाबांचा चेहरा उजळायचा. तेलकट भागांना रात्रभर भिजवलेल्या रिठ्याचं पाणी आणि राख. कार्ब्युरेटरच्या सुईच्या टोकाएवढ्या छिद्रात तार घातली तर ते रुंद होतं, म्हणून खराट्याची काडी, तीही आईने चाकूने तासून दिलेली. प्लग काजळला की गॅसवर पापडासारखा चिमट्यात धरून भाजायचा आणि जुन्या टूथब्रशने घासायचा. पंपातला रबरी पंखा कडक झाला होता. नवा मागवला होता, तो येत नव्हता. तेव्हा आईने ओठांना लावायचं ग्लिसरीन पातेल्यात ओतलं आणि पंखा त्यात उकळून मऊ केला. त्या पातेल्यात पुन्हा कधी चहा झाला नाही. पेट्रोलमध्ये पाणी शिरलं असेल म्हणून ते बाबांच्या जुन्या मलमलीच्या पंच्यातून गाळायचो. उरलेलं सगळं मळकं पाणी अंगणातल्या खड्ड्यात, राख आणि भुशावर. एक थेंब तळ्यात नाही, एक थेंब गटारात नाही. पेरूचं झाड मात्र त्या वर्षी मेलं.

लिंबं डझनाने यायची. अर्धं लिंबू इंजिनाच्या गंजलेल्या स्क्रूंना, अर्धं आपाला. तिला पाणी मोजून प्यायची परवानगी होती. चहूकडे पाणी, आणि ती नावेत लिंबाची फोड चोखत बसायची. “दोनों का एक ही डॉक्टर है,” ती बाबांना म्हणायची. “मुझे भी पीपे में खड़ा कर दो, वर्मा जी का सिरका डाल के.” वर्मा जी म्हणजे कोपऱ्यावरचे किराणावाले. त्यांना अजून वाटतं की आमच्याकडे खूप कांदे खातात.

हे वाचून तुम्हाला मजा वाटत असेल तर थांबा. एक तरुण मुलगा मोबाईल घेऊन आला होता, ‘देसी जुगाड’ म्हणून व्हिडिओ करायला. प्लग भाजताना आईने जरा हसून दाखवावं असं त्याचं म्हणणं होतं. मी त्याला फाटकाबाहेर काढलं. ज्यांच्या वाटेवर पूल आहे त्यांना जुगाड गोड लागतो. घरगुती उपाय म्हणजे काय असतं? कुणीतरी न केलेलं काम आईच्या स्वयंपाकघरात येऊन बसणं. रपटा उंच करा, एवढं एकच वाक्य आम्ही टी. टी. नगरच्या कार्यालयांतून किती वर्षं म्हणत होतो. साहेब बदलत, वाक्य तेच. एकाने आईला विचारलं, “पण बाई, तुम्ही तर त्या गावच्या नाही?” आई म्हणाली, “पाणी पिते ना तिथलं.”

आणि मग चिंचेची गोष्ट झाली.

गौरी-गणपती तोंडावर होते. मराठी घरात त्या दिवसांत काय चालतं तुम्हाला माहीत आहे. समया, ताम्हण, पंचपात्री, घंटा, सगळं पितळ माळ्यावरून खाली येतं आणि चिंच-मिठाच्या कोळात पडतं. दुसऱ्या दिवशी ते घासलं की सोनं. आईच्या आईने तेच केलं, तिच्या आईनेही तेच. बाबांनी इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवरचं झाकण काढून ओट्यावर ठेवलं होतं, क्षाराने पांढरं झालेलं. ते सिरक्यात थोडा वेळ बुडवून काढायचं होतं. आईने ते पाहिलं. सिरका संपला होता. समोर एवढा मोठा कोळ तयार होता. तिने ते झाकण समयांच्या मध्ये ठेवलं आणि रात्रभर राहू दिलं. बाबांना सुखद धक्का द्यावा, एवढाच विचार.

सकाळी समया झळाळत होत्या. झाकण काळं पडलं होतं, त्याची कड खाऊन गेली होती. बोट फिरवलं तर खरवडलेल्या नारळासारखी लागायची. अॅल्युमिनियम होतं ते. पितळ जे सोसतं ते अॅल्युमिनियम सोसत नाही, आणि मीठ तर त्याचा वैरी.

बाबा झाकण उजेडाकडे धरून बघत राहिले. मग म्हणाले, “अगं, हे पितळ नव्हतं.”

“मळ तो मळच ना,” आई म्हणाली. ती त्या झळाळत्या समयांसमोर जमिनीवर बसली. दुसऱ्या दिवशी आपाची फेरी होती. आईने आयुष्यात किती मोर्चे काढले, किती शिव्या खाल्ल्या, मी तिला कधी हरलेलं पाहिलं नव्हतं. त्या सकाळी पाहिलं. “मीच मारणार तिला,” ती म्हणाली. “सण करत बसले.”

बाबांनी झाकण खाली ठेवलं. माझ्याकडे वळून विचारलं, “तुझ्याकडे नखांना लावायचं ते आहे का?”

माझी एकुलती एक लाल नेलपॉलिश त्या झाकणाच्या खड्ड्यांत गेली. थर वाळायचा, पुन्हा थर. मग कडेखाली बसवायला जाड कागदाची चकती हवी होती, तेलात भिजवलेली, म्हणजे पाणी झिरपत नाही. आई उठली. माळ्यावरून पत्रकांचा गठ्ठा काढला. त्यात एका मोर्चासाठी छापलेले जाड पुठ्ठ्याचे फलक होते. तिने स्वतः एकावर झाकण ठेवून पेन्सिल फिरवली आणि कात्रीने कापलं. ‘पाणी सर्वांचं’ एवढे शब्द होते. भोकं पाडल्यावर त्यातलं ‘सर्वांचं’ उरलं. दुसऱ्या दिवशी धार सरळ पडली. आपाला आम्ही काही सांगितलं नाही. तिने नेलपॉलिशचा लाल ओघळ पाहिला आणि विचारलं, “इसकी शादी है क्या?”

ते झाकण टिकलं. हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं, कारण पुढे जे झालं ते आईच्या चिंचेमुळे झालं असं तिला आजही कधी कधी वाटतं. तसं झालं नाही.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. शहरातले घाट गर्दीने भरतात म्हणून लोक आमच्या धरणावर येऊ लागले आहेत. सकाळी पाण्यावर झेंडूचा सडा होता. दुरून सुंदर दिसत होता, हे मी नाकारणार नाही. आपाची त्याआधीची एक फेरी वाऱ्यामुळे चुकली होती. तिला धड बसवत नव्हतं. झोपलं की श्वास अडकायचा, म्हणून ती आईला टेकून अर्धवट पडली होती. बांगड्या आदल्या दिवशी कापून काढल्या होत्या.

मधोमध पोचलो आणि धार तुटली. थेंब. मग काहीच नाही. बाबांनी इंजिन बंद केलं आणि सगळीकडे एकदम शांत झालं, फक्त आपाच्या छातीतला आवाज. इंजिन वर उचललं तर फटींवर प्लास्टिकची पिशवी चिकटलेली होती, आत अजून अगरबत्तीच्या काड्या आणि बेलपान. ती निघाली. पण नाव ढकलणाऱ्या पंख्याच्या मागे, दांड्यावर हाराचा दोरा गुंडाळला गेला होता, एक नाही, कितीतरी. उष्णतेने वितळून त्याची कवडी झाली होती. मुन्ना भैयाने जाळं कापायचा विळा लावला. विळा घसरला, त्याचा अंगठा फाटला. मी वाकून दात लावले. पेट्रोलची नव्हे, झेंडूची चव आली.

“पहले उसका देख लो,” आपा एका एका शब्दाला थांबत म्हणाली. “मेरा नंबर बाद में.”

तो विनोद होता. कुणी हसलं नाही. वारा आम्हाला पाण्यातल्या वठलेल्या झाडांकडे ढकलत होता. बाबा आणि मुन्ना भैया वल्ही मारत होते, आई पत्र्याच्या डब्याने, मी हातांनी. मुन्ना भैयाच्या वल्ह्याला रक्त लागत होतं. मला तेव्हा कुठलंही पत्रक आठवलं नाही. सिरका, रिठा, ग्लिसरीन, गाळलेलं पेट्रोल, एवढी सगळी शर्थ, आणि आम्हाला थांबवलं कशाने? कुणीतरी हात जोडून, डोळे मिटून, मनापासून वाहिलेल्या हाराने. त्या माणसाचा मला राग करता येत नाही, आणि राग येतो.

काठ लागला. दवाखान्यात पोचलो तेव्हा तिची खाट दुसऱ्याला गेली होती. ती मिळेपर्यंत आपा ऑक्सिजनवर, आणि आई तिच्या उघड्या मनगटावर हात ठेवून.

आपा वाचली. पण तेव्हापासून तिचं हृदय अधू झालं. नावेत ती स्वतः चढत नाही, उचलून ठेवावी लागते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे की आता एकही फेरी चुकता कामा नये.

रपटा अजून बुडतो. अर्ज चालू आहेत, मी नवं पत्रक लिहिलं आहे, आणि या वेळी आम्ही गावासकट रस्त्यावर बसणार आहोत. ते आम्ही बघू. झाकण तेच आहे, कडेला लाल पॉलिश आहे. आपाने परवा इंजिनावर थाप मारून विचारलं, “क्यों मियाँ, इस साल चलोगे?” बाबा ओट्याशी उभे आहेत, चिमट्यात प्लग धरून. आई आता पितळ वेगळ्या बादलीत भिजवते, दुसऱ्या खोलीत, दार लावून.

या वर्षीही विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी आपाची फेरी आहे. सिरका आम्ही आणला आहे. दोऱ्यावर आमच्याकडे घरगुती उपाय नाही. तो तुमच्या घरी आहे. आरती झाली, हार उतरवला, की कात्री घ्या. गाठ कापा, दोरा ओढून काढा आणि घरीच ठेवा. पिशवीही ठेवा. फुलं झाडाच्या मुळाशी घाला. देव पाहतोच आहे, त्याला दोरा लागत नाही. हे आज करा, आणि शेजारच्या घरात जाऊन त्यांच्याही हाराचा काढा.